नव्या व्हर्जनमधला मंगळ

आता तुम्ही विषय काढलाच आहे तर ऐका. पण आधी चहा ओता, आणि मध्ये मध्ये ‘अरेरे’ करू नका. हसायचं तर खुशाल हसा. एवढा मोठा गाढवपणा मी एकटीनं, कुणाचीही मदत न घेता केलाय, त्याची काही कदर व्हायला नको?

माझा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या ऑफिसात बसून दिवसभर जुन्या वेबसाइट नव्या व्हर्जनवर न्यायच्या. प्रत्येक साइट कुठल्या तरी फ्रेमवर्कवर उभी असते, म्हणजे तयार सांगाड्यावर. सांगाडा बनवणारे अधूनमधून नवं व्हर्जन काढतात आणि जुन्याकडे पाठ फिरवतात. मग कुणीतरी सगळं सामान जुन्यातून उचलून नव्यात लावायचं. घर बदलताना होतं तेच होतं हो! सगळं पोचलं असं वाटतं, आणि चहा करायला जावं तर लायटर सापडत नाही.

तर आमच्या समाजाचं इंदूरात एक वधू-वर मंडळ आहे. त्याची साइट मीच कॉलेजात असताना हौसेनं बनवली होती. मंडळाचा एक कडक नियम: घरून आणलेली पत्रिका चालणार नाही. कारण पूर्वी लोक ओळखीच्या जोशीबुवांना गाठून मुलीचा मंगळ गुपचूप घालवून आणायचे! म्हणून जन्माची तारीख, वेळ, गाव साइटवर भरा. पत्रिका मशीन काढेल, गुणही मशीनच जुळवेल. ‘मशीन खोटं बोलत नाही,’ असं आमचे अध्यक्ष लोंढेकाका दर मेळाव्यात माइकवरून सांगायचे.

आणि या मशीननं मला काय दिलं होतं? कडक मंगळ. मीच बनवलेल्या साइटनं! स्थळं यायची, पत्रिका बघायची, आणि ‘कळवतो’ म्हणून जायची. मी पत्रिका मानत नाही, म्हणून हसण्यावारी न्यायचे. पण लागायचं हो मनाला. का नाही लागणार?

एक दिवस लोंढेकाकांचा फोन आला.

“बेटा, ते क्या है ना, साइट खोलली की लाल पट्टी येतेय. सर्व्हरवाला बोलतोय, पुराना वर्जन बंद होनेवाला है. तू बघ ना जरा.”

बघितलं. रविवारी जेवून बसले आणि संध्याकाळच्या आत साइट नव्या व्हर्जनवर! पानं उघडतायत, फोटो दिसतायत, पत्रिका निघतायत. बरोबर निघतायत का? ते कोण बघणार? मी मानत नाही ना पत्रिका!

त्याच आठवड्यात आई मोबाइल नाचवत माझ्यासमोर उभी.

“अगं, मंगळ गेला!”

“कुणाचा?”

“तुझा! हे बघ, निर्दोष लिहिलंय. सौम्यसुद्धा नाही!”

“आई, ग्रह काय सॉफ्टवेअरबरोबर अपडेट होतात?”

“तू चूप बैस. लोंढेभाऊजी म्हणाले, नव्या वर्जनमध्ये गणित एकदम शुद्ध आहे. जुनंच चुकत होतं.”

आता मला सांगा, ऑफिसात कुणाच्या स्क्रीनवर एक आकडा हलला तरी मी सगळ्यांना फैलावर घेते. का बदलला? शोधा! आणि इथे माझ्या पत्रिकेतला अख्खा ग्रह हलला, तर मी काय केलं? वर शेव टाकून पोहे खाल्ले. दुसऱ्याचं बदललं की बग, आपलं बदललं की सुधारणा!

मंडळात तर जत्राच लागली. कुणाकुणाची रखडलेली लग्नं जमायला लागली. मेळाव्यात काकांनी मला शाल पांघरली आणि माइकवर म्हणाले, “बेटीने ऐसा वर्जन डाला, की रिश्ते पटापट जमतायत!” टाळ्या! मी वाकून नमस्कारबिमस्कार केला.

आणि त्याच लाटेत इंदूरजवळच्या राऊहून हर्षदचं स्थळ आलं.

हर्षद तिकडे एका कॉलेजात शिकवतो. घरी बघण्याचा कार्यक्रम झाला, मग आम्ही दोघं बडा गणपतीजवळ कचोरी खायला गेलो. त्यानं विचारलं, तू नेमकं काय काम करतेस? मी फ्रेमवर्क समजावून सांगायला लागले आणि हा माणूस ऐकत राहिला! फोन उलटा ठेवून! माझ्या घरच्यांनीसुद्धा आजवर हे केलेलं नाही. मला तो आवडला. खोटं कशाला बोलू, फार आवडला. मग मी धीर करून विचारलं.

“तू पत्रिका मानतोस?”

“अरे, मैं नहीं मानता ये सब. ते आईचं डिपार्टमेंट आहे. तू हो बोल, अपना काम खतम.”

मी हो बोलले. साखरपुड्याची तारीख ठरली, हॉल ठरला, आईनं माझी साडीही घेऊन ठेवली. आई स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली होती. किती तरी वर्षांनी ऐकत होते मी ते.

आणि मग मंडळातल्या ढवळेकाकूंचा फोन आला.

“काय गं, माझ्या विकीचा जन्म तुझी साइट पहाटेचा दाखवतेय. तो तर चांगला ऊन वर आल्यावर झाला!”

“काकू, इतक्या वर्षांनी आठवणीत थोडं इकडेतिकडे होतं.”

“इकडेतिकडे? मी होते ना तिथे! मी नाही तर कोण होतं?”

मी कोड उघडला आणि पाहते तर काय! जुनं व्हर्जन आपली इंदूरची वेळ धरून चालायचं. नव्याला मुद्दाम सांगावं लागतं, नाही तर ते तिकडे लंडनजवळच्या ग्रीनिचची वेळ धरतं. सांगणारी ती एक ओळ मी टाकलीच नव्हती. सगळा समाज साडेपाच तास आधी जन्माला आला होता! कुणाचं नक्षत्र हललं होतं, कुणाचं लग्न. आणि माझा मंगळ? तो कुठेही गेला नव्हता. जिथल्या तिथे होता बिचारा.

आता तुम्ही म्हणाल, मग गप्प बसायचं होतंस. आईही आजवर तेच म्हणते. पण मला वाटलं, यात आपलं काय जातंय? हर्षद कुठे मानतो! उलट कुणाची तरी लग्नं चुकीच्या वेळेवर ठरतायत, त्यांना सांगायला नको? आणि खरं सांगू, अंगात कामाची घमेंडही होती. माझ्या साइटवर चुकीची पत्रिका? छे!

मी ओळ टाकली. सगळ्या पत्रिका नव्यानं काढल्या. आणि एक बटण दाबून सगळ्या घरांना मेसेज पाठवला: ‘आपल्या पत्रिकेत व गुणमिलनात दुरुस्ती झाली आहे. सुधारित पत्रिका सोबत जोडली आहे. तसदीबद्दल क्षमस्व.’ हर्षदला आधी एक फोन करावा, हे सुचलं का मला? नाही. मला ‘तसदी’ हा शब्द सुचला म्हणून मी खूश होते!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन. पहिले लोंढेकाका.

“बेटा, ये क्या कर दिया! लोक माझ्या घरात येऊन बसलेत!”

“काका, चूक होती. सुधारली.”

“अरे, ती चूक किती मस्त चालली होती! वापस डाल दे ना पहलेवाला.”

“पहलेवाला म्हणजे जुना की चुकीचा?”

“ज्यात लग्नं जमत होती तो!”

मग हर्षदच्या आईचा फोन. माझ्या आईला. आईनं स्पीकरवर टाकला, हे बरं केलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

“बुरा मत मानना ताई,” त्या म्हणाल्या, “पण साइट तुमच्याच मुलीची ना? आधी मंगळ होता, मग गेला, आता आमची तारीख ठरल्यावर वापस आला. पूर्वी लोक हे काम जोशीबुवांकडून करवून घ्यायचे. तुमच्याकडे घरच्या घरीच सोय आहे.”

फोन ठेवून आई आत गेली आणि कणीक मळत बसली, जेवायला कुणी येणार नव्हतं तरी. मला तेव्हा स्वतःचा इतका राग आला, की काय सांगू.

संध्याकाळी हर्षद भेटला, त्याच कचोरीवाल्याकडे.

“तू तर मानत नव्हतास?”

“मैं अभी भी नहीं मानता. पण यार, कडक आहे. आईनं जेवण सोडलंय.”

“आणि तुझी आई बोलली की मीच मंगळ घालवला, ते?”

“मला माहितेय तू नाही केलं. मतलब, तू का करशील.” मग अगदी कळवळून म्हणाला, “पण तू थोडं रुकायचं ना! साखरपुडा झाला असता, शादी झाली असती, फिर डालती अपडेट. कौन पूछता?”

म्हणजे बघा, माझ्यावर विश्वास होता त्याचा. पत्रिकेवर नव्हता. तरी जिंकली पत्रिकाच! पत्रिका जुळलेली असेतोवर ती न मानणारे खूप भेटतात हो. मला वाटलं होतं, हा दुसऱ्या जातीचा आहे. मी कचोरीसुद्धा अर्धी टाकून आले.

पुढे? पुढे काय, साइट अजून माझ्याकडेच आहे. मंडळाला दुसरं कोण मिळणार? स्थळ पक्कं झालं की त्याची नोंद आधी माझ्याकडे येते, मी तपासून पुढे पाठवायची. मागच्या महिन्यात एक आली. वर: हर्षद. वधू महूची, बँकेत आहे. मंगळ नाही. गुण इतके भरघोस, की आमच्या मंडळात क्वचितच जुळले असतील.

मी ऑफिसातून सुट्टी घेतली. हो, सुट्टी! आणि सगळा कोड पुन्हा वाचायला बसले, एकेक ओळ. वेळ तपासली, गाव तपासलं, गुणांचं गणित पंचांग घेऊन हातानं करून पाहिलं. मी, जी पत्रिका मानत नाही! आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले, की बाबा रे, माझ्या कामात एक तरी चूक सापडू दे.

नाही सापडली. इतकं चोख अपग्रेड मी आजवर कुणालाच करून दिलेलं नाही!