तांबड्या झाडांवर ओतलेलं पाणी

संग्रामपूरहून सातपुड्याच्या अंगाला निघालं की डोंगर हळूहळू मोठा होत जातो आणि माणूस हळूहळू गप्प होतो. त्याच वाटेवरच्या एका गावात तानुबाई राहते. अंगणवाडीत मदतनीस आहे. लेकरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, आणि हात रिकामा झाला की जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत बसायची. अक्षरांशी आपली ओळख नाही, हे ती हसून सांगते. पण चित्र दिसलं की तिचा खिचडी ढवळणारा हात थांबतो. "केवढुसा कागद," ती म्हणते, "अन् केवढं मावलं त्याच्यात!"

आश्विन लागला. कापलेलं सोयाबीन रचून त्याच्या सुड्या शेताशेतात उभ्या राहिल्या, कापसाची बोंडं उकलू लागली. अंगणवाडीच्या सेविका बेबीताई यांनी मोबाइलवर आलेलं लहान मुलांचं एक चित्रपुस्तक झेरॉक्सच्या दुकानातून शाईच्या प्रिंटरवर रंगीत छापून आणलं. कुठल्याशा थंड मुलखातला शरद होता त्यात. झाडं बुडापासून शेंड्यापर्यंत तांबडी, केशरी, पिवळी. आपल्याकडे या दिवसांत झाडं पोटभर पाणी पिऊन हिरवीगार उभी असतात. पानं गळायची ती माघ-फाल्गुनात. तानुबाई चुलीवरची खिचडी विसरून दारात उभी राहिली. लेकरं पुस्तकाभोवती दाटली.

"तिकडं थंडी सुरू झाली की पानं अशी लाल होतात," बेबीताई सांगत होत्या.

तेवढ्यात छकुली उठली. सगळ्यांत धाकटी, बोलणं कमी, डोळे मोठे. ती माठाजवळ गेली, तिथला तांब्याएवढा गडवा भरला, आणि दोन्ही हातांनी सांभाळत आणून पुस्तकावर ओतला.

"काऊन वं छकुले!" बेबीताई ओरडल्या. "सारं पुस्तक नासवलं ना!"

"पुस्तकाले आंघोळ घातली!" लेकरांतला ऋत्विक टाळ्या पिटत ओरडला. लेकरं खो खो हसली.

छकुली रडली नाही. गडवा टाकून घराकडे पळाली, आणि दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडीचं नाव काढलं की खाटेखाली शिरू लागली.

तानुबाई तिला आणायला गेली. छकुलीची आई पुष्पांजली दारातच भेटली. "पाहा ना मावशी, निघतच नाही. कोणी मारलं का हिले?"

"कोण मारते माय?" तानुबाई खाटेशेजारी भुईवर बसली. "चाल छकुले. ताईचा राग गेला. आज गूळ-शेंगदाणे हायेत."

"नाही येत."

"काऊन?"

खाटेखालून बारीक आवाज आला, "लय झाडं पेटली होती. गडवा एकच होता."

तानुबाईला एकदम उमगलं. गेल्या साली गावाबाहेर एक सुडी पेटली होती. आगीपुढं रिकाम्या हातानं उभं राहायचं नाही, ही गावाची रीत. जो तो हाती लागेल ते भांडं घेऊन धावला. बायांच्या कमरेवर घागरी, म्हाताऱ्यांच्या हातात तांबे. आईच्या कडेवरून छकुलीनं ते पाहिलं होतं. बाकीचे सगळे चित्राची शोभा पाहत बसले, आणि हे बोटभर लेकरू आग दिसली म्हणून उठलं. आता ते खाटेखाली बसून उरलेल्या झाडांचं दुःख करत होतं.

परत जाऊन तानुबाईनं उन्हात वाळत घातलेलं पुस्तक उचललं. तांबडा रंग पाण्यानं वाहून गेला होता. फिकट, शांत झाडं उरली होती. घरच्या पेटीतून तिनं आपलं हिरवं लुगडं काढलं. ते लग्नातलं होतं. इतकी वर्षं कुठल्याच वाकळीला तिनं ते दिलं नव्हतं. आता त्याला कात्री लावली. पुस्तकाच्या शेवटी तिनं कापडाचं एक पान जोडलं. त्यावर हिरव्या लुगड्याचा आपटा उभा केला, जोडपानांचा, दसऱ्याला सोनं म्हणून वाटतात तो. खाली शेतातला खराखुरा कापूस टाचला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती पुन्हा खाटेशी बसली. "आग इझली का नाही, तेवढं तरी पाह्याले चाल."

छकुली आली. घरून भरलेला गडवा घेऊनच आली.

लेकरं गोल बसली. बेबीताईंनी पुस्तक उघडलं. छकुलीनं एकेक झाड निरखलं, फिकट खोडांवर तळवा ठेवून पाहिला. गार लागलं.

"इझली," ती म्हणाली.

मग कापडाचं पान आलं. ती कितीतरी वेळ पाहत राहिली, आणि आपट्याच्या बुडाशी गडवा कलता केला. बेबीताईंचा हात झटकन पुढं आला.

"टाकू द्या ताई," तानुबाई म्हणाली. "कपडा हाय."

पाणी कापडात शिरलं. हिरवा रंग गडद झाला, बुडातून खोडात, खोडातून फांदीत, पानापानात चढत गेला. झाड सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी पीत होतं. कोणी हसलं नाही. खुद्द तानुबाईनं तोंडावर पदर धरला. शिवताना हे तिच्याही ध्यानीमनी नव्हतं.

ऋत्विक हळूच उठला, माठातून गडवा भरला आणि छकुलीच्या मागं येऊन उभा राहिला.