वादळाचा पाऊस आणि टोपलीभर आंबेमोहोर

तुंगार्लीतल्या घरातून निघाले तेव्हा सकाळचे सातच वाजले होते, तरी तळ्याकाठी पर्यटकांच्या गाड्या लागल्या होत्या. मे संपला नव्हता आणि पाऊस धो धो कोसळत होता. लोक हौसेने भिजत होते, कणसं खात होते. मला मात्र त्या पावसाचा राग येत होता. अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलं होतं, त्याचंच हे पाणी. दुपारच्या आत मला आंदर मावळात सखूमावशींकडे पोहोचायचं होतं.

कारण सांगते. अठ्ठावीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. मावशींची लेक सुमन माझीच विद्यार्थिनी. गेल्या वर्षी याच दिवसांत मी त्यांच्याकडे गेले होते आणि असाच पाऊस लागला. मावशींनी विचारलं, "बाई, ह्यो मोसमी पाऊस हाय ना?" मी छातीठोकपणे "हो" म्हणाले. आठवडाभर बातम्या पाहिल्या नव्हत्या, पण शहाणपण दाखवायची हौस दांडगी! मावशींनी घरचं सगळं आंबेमोहोराचं बी पेरलं. तोही वादळाचाच पाऊस निघाला. वादळ ओमानकडे निघून गेलं, मागे पंधरा दिवस कडक ऊन पडलं आणि रोपं करपली. फळ्यावर वादळ काढणं सोपं असतं.

लोकलने कामशेतला उतरले. पुढे एसटी फाट्यापर्यंतच गेली, रस्त्यावर झाड आडवं झालं होतं. तासभर चालायचं होतं आणि पहिल्याच चढाला चपलेचा अंगठा तुटला. पिकली करवंदं जाळीखाली चिखलात पडली होती. ओढ्याशी गुरं वळणाऱ्या एका बाईने हात देऊन मला पलीकडे घेतलं.

"येवड्या पान्यात कुटं निगालात?"

"सखूमावशींकडे."

"मंग बिगी बिगी जावा. आज समदी पेरत्यात."

दुसरी चप्पलही हातात घेतली आणि चालू लागले.

मावशी राबाशी (रोपांसाठी पाला आणि शेण जाळून भाजलेली जमीन) उभ्या होत्या, कमरेवर बियाण्याची टोपली. शेजारच्या राबात त्यांचे थोरले दीर, आबा, पेरणी उरकून हात धूत होते.

"मावशी, थांबा! हा वादळाचा पाऊस आहे."

आबांनी मान वर केली. "मागल्या साली तुमीच म्हनला व्हता ना, पेरा म्हून?"

"चुकले मी, आबा. म्हणूनच आलेय."

मावशी रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तिकोना पेठंच्या भनीकडनं ह्ये येवडंच घावलं. ह्ये गेलं की आमचं बी संपलं. आन उशीर झाला तर लावनी हुकंल. नीट समजावून सांगा."

पडवीत बसलो. त्यांनी तांदळाची भाकरी आणि करवंदांची चटणी पुढे ठेवली. मी सांगू लागले. उन्हाळ्यात समुद्र तापतो, त्याची वाफ वर चढते, तिच्या जागी चहूकडून वारा धावतो. पृथ्वी फिरते म्हणून तो सरळ न येता गोल फिरू लागतो आणि त्याचं वादळ होतं. पृथ्वीच्या मधल्या पट्ट्यात, विषुववृत्तापाशी, वाऱ्याला असा पीळ बसत नाही, तिथे वादळं होत नाहीत. आपल्या दोन्ही समुद्रांत ती पावसाळ्याच्या तोंडाशी उठतात, नाहीतर दिवाळीच्या आगेमागे. ऐन पावसाळ्यात वरचे जोराचे वारे त्यांना सहसा उभंच राहू देत नाहीत. आणि आताचं वादळ गुजरातच्याही पलीकडे चाललंय, जाताना आसपासची वाफ ओढून नेईल.

मावशींनी पावसाकडे पाहिलं. "म्हंजी ह्यो पाव्हना हाय. ऱ्हायाला न्हाई आला."

त्यांनी टोपली आत नेली आणि बी कणगीत (धान्याच्या विणलेल्या पिंपात) परत ओतलं. आबा म्हणाले, "माजं तर पेरून झालं," आणि डोक्यावर पोतं घेऊन घरी गेले.

संध्याकाळपर्यंत मी तुंगार्लीला परतले. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. मी गच्चीवर जाऊन चक्क हात जोडले. मग आबा आठवले आणि माझीच मला लाज वाटली. मी खरी ठरायची तर त्यांचं बी जळायलाच हवं होतं. पुढचे बारा दिवस मी रोज सकाळी आभाळ पाहायची आणि काय मागावं ते मला कळायचं नाही. तेराव्या दिवशी मोसमी पाऊस आला.

आषाढात मावशींचा फोन आला. "आबांचा राब करपला, बाई. आमचं रोप तेवडं झ्याक आलं."

"मग आबा काय करणार?"

"निम्मं रोप त्येंच्या खाचरात लावलं. औंदा दोगांचंबी निम्मं रान पडीक ऱ्हाईल. पन बी जगलं. आन बाई, तुमी कशापायी रडताय?"