बाबांच्या चित्राला हार

लेकीच्या वर्गाची ट्रिप ग्लासगोतल्या एका म्युझियममध्ये गेली, तेव्हा पोरं सांभाळायला मीही गेले होते. तिथे अठराव्या शतकातलं एक फ्रेंच रेखाचित्र होतं, तपकिरी शाईतलं. चौथऱ्यावर तत्त्वज्ञाचा अर्धपुतळा, ‘सत्य’ नावाची बाई त्याच्या गळ्यात फुलांची माळ घालतेय आणि पायथ्याशी ‘अज्ञान’ तोंड लपवून बसलंय. तत्त्वज्ञाचं नाक थेट माझ्या बाबांचं. बाबांनी नागपूरच्या कॉलेजात जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. हे सगळं मी लेकीला सांगत बसले, तिथेच चुकलं.

घरी येऊन तिने तेच चित्र काढलं, कोपऱ्यातल्या ‘अज्ञाना’खाली नावही लिहिलं. पुतळ्याच्या जागी आजोबा, चष्म्यासकट, आणि गळ्यात झेंडूचा जाडजूड हार.

“आधी तो हार खोड,” मी खेकसले.

“पण का? लेबलवर लिहिलं होतं, तो माणूस तेव्हा अलाइव्ह होता. इट्स फॉर रिस्पेक्ट, आई.”

चित्रातल्या माणसाला हार म्हणजे तो माणूस गेला, हे तिला कळणार कुठून? आमच्या फ्लॅटमध्ये हार घातलेला एकही फोटो नाही. आईचा आहे तो नागपूरला. आई गेली तेव्हा दोन विमानं बदलून मी पोचले, तर टेबलावर तिचा फोटो मांडलेला आणि हारही घालून झालेला. मला कोणी बोल लावला नाही. पण आता बाबा तिथे एकटे आहेत, त्यांची रोज आठवण येते, आणि त्यांच्या वेळीही मला उशीरच होणार ही भीती काही केल्या जात नाही.

मी रबर शोधेपर्यंत कार्टीने चित्राचा फोटो आजोबांना पाठवूनसुद्धा दिला. मी घाईघाईने फोन लावला.

“बाबा, तिला कळत नाही हो. मनाला लावून घेऊ नका. मी खोडतेच तो हार.”

बाबा हसत होते. “अज्ञानाला बरं कोपऱ्यात बसवलंय तिने,” म्हणाले. मग विचारलं, “हार घालणारी ही बाई कोण? निळा कोट तुझाच ना?”

मी चित्र नीट पाहिलं. कोट माझाच होता, वरचं बटण तुटलेला.

“हो, मीच आहे.”

“मग खोडू नकोस. यात तू वेळेवर पोचलेली दिसतेस.”