गुलाबी औषधाचा चमचा

नातवाला औषध लिहिताना डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला सल्फाची अ‍ॅलर्जी?" आणि मला साक्रीतल्या आमच्या दारावरच्या कडुनिंबाचा उग्र वास आला.

लहानपणी धाकट्या भावाचा कान वाहत होता, म्हणून सल्फाचं गोड, गुलाबी औषध सुरू होतं. आठवड्याने त्याच्या अंगावर लाल पुरळ उठलं, ओठ सोलले.

आई म्हणाली, "माता उनी शे."

अंगात देवी आली असं समजून दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले, फोडणी बंद झाली. मातेला औषध चालत नाही, म्हणून दवाखान्यात कुणी गेलं नाही. कानाचं औषध मात्र तो गेला त्या दिवसापर्यंत चालूच राहिलं. चमचा मीच भरायचे. तो तोंड फिरवायचा. मी म्हणायचे, "गोड शे, पी."

डॉक्टर पेन धरून थांबले होते.

"भावाला होती," मी म्हटलं.