दाजींची लिमिट

माणसाची पत नुसत्या नजरेनं सांगणारा अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच माणूस झाला, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. जिंतूरच्या एका पतसंस्थेत, कर्जाच्या टेबलावर, दाजींनी उभी हयात काढली. कुणाला किती द्यायचं आणि कुणाला कितीच्या वर जाऊ द्यायचं नाही, हे ठरवता ठरवता त्यांना जगाकडे दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघताच येईना. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले, की वरणाचा भुरका मारता मारता समोरच्या पाहुण्याची लिमिट माझ्या कानात सांगायचे. "फेटा भारी हाय, पण ह्याला पन्नासाच्या वर देऊ नये." पन्नास म्हणजे पन्नास हजार. एकदा पावसात अडकलो म्हणून मी त्यांची छत्री मागितली, तर छत्री हातात देण्याआधी त्यांनी माझ्याच बायकोला जामीन राहायला लावलं. मी चेष्टा समजून हसलो. ते हसले नाहीत. अक्का, म्हणजे त्यांची बायको, शेजारणीला वाटीभर साखर द्यायला निघाली, की मागची वाटी परत आली का, अशी आतून विचारणा व्हायची.

या नियमांनी सगळ्यात जास्त छळलं ते त्यांच्याच घराला. अक्काला स्वतःचं घर हवं होतं. दुसरं काही तिनं कधी मागितल्याचं मला आठवत नाही. सारा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत चाललेला, आणि गावाबाहेर परभणी रस्त्याला एक प्लॉट घेऊन ठेवलेला. दर दिवाळीला अक्का त्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन एक पणती लावून यायची. शेवटी दाजींनी घरासाठी कर्जाचा अर्ज केला. तो छाननीला त्यांच्याच टेबलावर आला. हप्ता पगाराच्या मानानं जड जातो, असं त्यांच्या लक्षात आलं, आणि दाजींनी स्वतःचा अर्ज स्वतःच नामंजूर केला. वर घरी येऊन अक्काला समजावलं, की अर्जदार माणूस चांगला आहे, पण नियमात बसत नाही. हा किस्सा आम्ही सगळे पोट धरून हसत सांगायचो. अक्का तेवढी हसायची नाही.

पण हाच माणूस वसुलीला गेला की निराळा व्हायचा. थकबाकीदाराच्या ओसरीवर बसून आधी चहा घ्यायचा, मुलांच्या शाळेची चौकशी करायचा, आणि मग मुदतवाढीचा अर्ज स्वतःच्याच हातानं लिहून द्यायचा. अर्जाला आवक नंबर पडला की निकाल लागेपर्यंत कारवाई थांबली, हा संस्थेचा रिवाज होता. झरी गावाकडच्या कितीतरी घरांची भांडीकुंडी दाजींच्या त्या आवक नंबरानं वाचली. संचालक त्यांच्यावर चिडायचे, आणि दाजी नुसता कागद पुढं सरकवायचे.

असा माणूस निवृत्त होऊन रिकामा बसला आणि त्याच्या हातात मोबाईल आला. जुन्या ऑफिसातल्या कुणीतरी क्रिप्टोचा बाजार दाखवला. कुणी डोळ्यांनी न पाहिलेली नाणी तिथं विकत घेता येतात. दाजींनी भीत भीत थोडी घेतली, तर लगेच ॲपनं सांगितलं, ही नाणी आमच्याकडे तारण ठेवा, त्यावर आम्ही कर्ज देतो, त्यातून आणखी नाणी घ्या. तुमची लिमिट इतकी इतकी. याला म्हणे मार्जिन म्हणतात. जन्मभर दुसऱ्यांची लिमिट ठरवणाऱ्याची लिमिट पहिल्यांदाच कुणीतरी ठरवली होती, आणि ती त्यांनी स्वतःबद्दल केलेल्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठी निघाली. मला फोन आला. आवाज ओला होता. "जामीनदार मागितला न्हाई, पगाराचा कागद मागितला न्हाई. नुसतं वळखलं, पाव्हणं." त्या वाक्याचा मला आजही संताप येतो. ॲपनं काय कप्पाळ ओळखलं? त्याला फक्त तारण दिसत होतं. ही गोष्ट दाजींएवढी जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती, पण कौतुक कानात शिरलं की शहाणपण बाहेर उभं राहतं.

तारण वाढलं की लिमिट वाढते, म्हणून प्लॉट विकला आणि त्या पैशाची नाणी घेऊन तीही तारण ठेवली. वर्षाच्या आत बांधलेलं घरच घेऊ, असं अक्काला सांगितलं. लिमिट वाढली त्या दिवशी दाजींनी गल्लीत पेढे वाटले. लोक लग्नात नातवंडांचे फोटो दाखवतात, दाजी लिमिट दाखवू लागले. आणि ती पूर्ण उचललीही, कारण मंजूर लिमिट वापरली नाही तर पुढच्या वर्षी संस्था ती कमी करते, हे त्यांच्या हाडात भिनलेलं होतं.

मग भाव घसरू लागले, आणि त्यातच एका सकाळी कंपनीनं त्या नाण्याच्या तारणावर मिळणाऱ्या कर्जाची लिमिटच खाली आणली. तसा हक्क तिनं बारीक अक्षरांत स्वतःकडे ठेवलेला होता. दाजींची उचल आता लिमिटच्या वर गेली. तारण वाढवा किंवा कर्ज फेडा, नाहीतर नाणी विकू, असा मेसेज आला. दुसरा कुणी असता तर निम्मी नाणी स्वतःच विकून मोकळा झाला असता. दाजींनी ॲपमधल्या मदतीच्या खिडकीत अर्ज लिहिला. विषय, मुदतवाढ मिळणेबाबत. महोदय, मी आपला जुना व प्रामाणिक खातेदार असून, वगैरे. क्षणात उत्तर आलं, आपली विनंती मिळाली, तिकीट नंबर अमुक. दाजींच्या लेखी आवक नंबर पडला होता.

तो अधिक महिना होता. सासूबाईंनी आम्हा दोघा जावयांना धोंडे जेवायला चुडाव्याला बोलावलं होतं. ओवाळून झालं, ताटं वाढली, आणि दाजींच्या खिशातला फोन थरथरू लागला. पुन्हा पुन्हा. मी म्हणालो, दाजी, बघा तरी. त्यांनी धोंड्यावर तुपाची धार धरली. "अर्ज दाखल हाय. निकाल लागंस्तोवर कारवाई होत नसती." सासूबाई आग्रह करत होत्या, दाजी मागून घेत होते. हात धुऊन त्यांनी फोन पाहिला, तेव्हा सगळी नाणी विकली गेली होती. कर्ज वळतं करून उरलेली रक्कम एका सायकलीपुरतीही नव्हती.

ते ओरडले नाहीत. परतताना पूर्णा गावापर्यंतच्या रस्त्यात एवढंच म्हणाले, "लय जप्त्या केल्या मी. पण चहा पिल्याबिगर एकबी केली न्हाई. ह्यांचा माणूसच आला न्हाई, पाव्हणं." तीन दिवसांनी अर्जाचं उत्तर आलं. तिकीट बंद केलं आहे, आमची सेवा कशी वाटली ते कळवा. मला त्या कंपनीचा राग आहे, दाजींचा त्याहून जास्त आहे, आणि दोन्ही राग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की जागच्या जागी बसतात. आता ते पंगतीत कुणाची लिमिट सांगत नाहीत.

मागच्या महिन्यात मी जिंतूरला गेलो होतो. दाजींच्या निवृत्तीच्या सत्काराचा फोटो, शाल आणि नारळासकट, अक्काला भिंतीवर लावायचा होता. घरमालकाला विचारल्याशिवाय भिंतीत खिळा ठोकायचा नाही, असा त्या घरातला नियम. दाजी खाली जाऊन हात जोडून उभे राहिले. मालक आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, एक खिळा ठोका, पण घर सोडताना भोक बुजवून द्यायचं. दाजींनी वर येऊन ते जसंच्या तसं अक्काला सांगितलं.

अक्कानं भिंतीवरची जागा बोटानं दाखवली. "चांगला खोल ठोका," ती म्हणाली. "आता हितून कुठं जायचंय आपल्याला."

दाजी हातोडी घेऊन स्टुलावर चढले. मी स्टूल धरून उभा राहिलो.