बंधाऱ्यावरच्या गोण्या

हिसाए कुराता मूळची समुद्रकाठची. लग्न होऊन हिरोशिमाच्या डोंगरातल्या गावी आली, तोवर मासे तिने चिकार पाहिले होते. पण ओढ्यावर मुळे धुताना पायाजवळचा दगड हलला आणि त्याने तोंड उघडलं, तेव्हा मुळे तिथेच टाकून ती घरापर्यंत ओरडत गेली.

"हानझाकी आहे तो," सासू शांतपणे म्हणाली. "तू काल आलीस, तो कधीपासून इथे राहतोय. ओरडायचंच तर त्याने ओरडावं."

हानझाकी म्हणजे माणसाच्या पायाएवढा लांब सॅलमँडर. डोळे मोहरीएवढे आणि तोंड डोक्याच्या रुंदीचं. श्वास बहुतेक कातडीनेच घेतो, म्हणून त्याला थंड, वाहतं पाणी लागतं. सासूने टंचाईच्या दिवसांत तो खाल्लाही होता आणि चवीबद्दल तिची तक्रार नव्हती. आता मात्र परवानगीशिवाय त्याला हात लावायचीही बंदी.

ओढ्यावरचा जुना दगडी बंधारा पुरात गेला आणि गुळगुळीत सिमेंटचा नवा आला. ऑगस्टअखेर उन्हाळा सरताना अंडी घालायला वर निघालेले हानझाकी त्या भिंतीशी अडायचे. चढायचे, घसरायचे, बोटं सोलून घ्यायचे. हिसाए काठावरून बघत राहायची. तोवर तिचं वय साठीला टेकलं होतं आणि नुसतं बघत राहणं तिच्या स्वभावात नव्हतं.

पाटकऱ्यांच्या सभेत ती म्हणाली, "त्यांना उचलता येत नाही, पण वाळूच्या गोण्या रचून पायऱ्या तर करता येतील."

पाटाचे प्रमुख गेनपेई भडकले. "गोण्यांवरून पाणी वाहतं ठेवावं लागेल, ते पाटात न येता ओढ्यात सांडेल. माझं भात पोटरीला आलंय, हिसाए-सान!"

"तुमचं पाणी कमी पडलं तर माझ्या वाट्यातून घ्या."

घरी नवरा म्हणाला, "उभ्या भाताची पैज लावून आलीस?"

"पैज नाही हो. ते चढणार, मला खात्री आहे."

गोण्या रचल्या गेल्या, पण त्या वर्षी पाऊस नेमका रुसला. गेनपेईंच्या खाचराला भेगा पडू लागल्या, तसे एका ढगाळ दुपारी ते आकडी घेऊन गोण्या उपसायला निघाले. हिसाए मागोमाग धावली. बघते तर मधल्या गोणीवर एक हानझाकी दम खात बसलेला.

"हाकल त्याला."

"हात लावायची बंदी आहे. सभेत तुम्हीच वाचून दाखवलंत."

"मी कुठे लावतोय? तू लाव."

"मला काय वेगळा कायदा आहे?"

गेनपेई काठावर बसले. हिसाएने घरून भाताचे गोळे आणि सातूचा चहा आणला.

"पोट बघा केवढं. मादी दिसतेय," ती म्हणाली. "वरच्या बिळात नर असेल. बीळ झाडूनपुसून ठेवतो, ही अंडी घालून निघून जाते, मग तोच शेपटीने पाणी हलवत थंडीभर राखण करतो."

"बायकोने चांगलं वळण लावलंय."

"गावात एकाला तरी लागलं."

गेनपेई हसले नाहीत, पण दुसरा गोळा मात्र त्यांनी उचलला. मादी हलली. शेवटच्या गोणीवर पुढचे पाय टेकले आणि घसरून खाली आली. पुन्हा चढली, पुन्हा घसरली.

"अगं डावीकडून! डावीकडून, मूर्ख!" गेनपेई उभेच राहिले.

"ओरडून काय उपयोग? तिला तुमच्यापेक्षाही कमी ऐकू येतं."

तिसऱ्या खेपेला मादीने अंग वळवलं, पोट कडेवरून ओढून घेतलं आणि वरच्या डोहात दिसेनाशी झाली. गेनपेईंनी श्वास सोडला. आकडी गवतातच राहिली.

हिसाए उठली, आपल्या खाचराच्या तोंडाशी गेली आणि कोणी न सांगता पाणी अडवायची फळी खाली सरकवली. पाणी वळून गेनपेईंच्या बाजूला पळालं.

"तुझंही भात पोटरीतच आहे," ते म्हणाले.

"काही लोंब्या पोचट निघतील. शब्द दिलाय मी."

गेनपेईंनी ती फळी अर्धी वर ओढली. मग विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बंधाऱ्याखालच्या पाण्यात उतरले आणि सगळ्यात वरची गोणी खांद्याने रेटून थोडी तिरकी बसवली.

"ही जरा जास्तच उंच होती," ते पुटपुटले. "मागून आणखी येतील ना?"

"येतील," हिसाए म्हणाली आणि दुसरी बाजू धरायला पाण्यात उतरली.