कल्हई केलेली पट्टी

कोणी मोठा उसासा टाकला की मास्तर त्याच्या तोंडापुढे तळहात धरायचे. "अहो, फुकट घालवू नका!"

उसाशातून जो वायू बाहेर पडतो, त्यापासून मुंग्यांच्या अंगातलं आम्ल करायचं, हा त्यांचा ध्यास. मुलुंडला ते आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे, शाळेत रसायन शिकवायचे. असा शेजारी असता तर तुम्हीही रोज एकदा डोकावला असता. चुनखडीवर आम्ल ओतून ते तोच वायू काढायचे आणि बरणीतल्या सोड्याच्या पाण्यात सोडायचे. पाण्यात दोन पट्ट्या, त्यांना मोटारीची जुनी बॅटरी. सगळी करामत त्यातल्या एका पट्टीची, असं ते म्हणत. लोखंडाची झाली, तांब्याची झाली, जस्ताचीही झाली.

"गणपतीपर्यंत काय ते करा," त्यांच्या बायकोनं, काकूंनी बजावलं. "मग तो कोपरा मखराचा. बरणी परत दिसता कामा नये."

आम्ल झालं की नाही, हे वासावरून कळायचं. मास्तरांचं नाक शाळेतल्या प्रयोगांच्या धुरानं गेलेलं. चाळीतली माणसं हुंगून "झकास येतोय, मास्तर!" म्हणत, आणि "कशासारखा?" विचारलं की पळत.

मी बुजरी, फारशी बोलत नसे. पण कोकणात आंब्यावरची तांबडी मुंगी चिरडली की येणारा झोंबरा वास मला ठाऊक होता. मी नुसती मान हलवायची. नाही.

"वहिनी, तुमच्या 'नाही'वरच माझा भरवसा," ते म्हणायचे.

कल्हईवाला आला तेव्हा मास्तर तांब्याच्या पट्टीवर कथील चढवून घ्यायला बायकांच्या रांगेत.

"मास्तर, आमटी पट्टीत करणार काय?"

"आमटी नाही हो, मुंग्या!"

गणपतीच्या आदल्या दिवशी त्यांनी बरणीतलं पाणी आम्ल घालून तापवलं, वाफ गार करून वाटीत धरली. काकू मखर घेऊन दारात. मास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते. खोटं 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. मी हुंगलं, आणि आजोळचा आंबाच नाकात शिरला.

"मुंग्या!" मी केवढ्यानं ओरडले.

मास्तर नाचले. "घरात मुंग्या काय कमी होत्या?" काकू म्हणाल्या. पण मखर त्या वर्षी खाटेवर बसलं.

पुढे ती दोघं मुलीकडे नागपूरला गेली. जाताना मास्तरांनी पट्टी मला दिली. तिची कल्हई उडाली होती.

कल्हईवाला आला. पातेल्यात पट्टी ठेवून मी रांगेत उभी राहिले.

"वो मास्तर नहीं आया?" त्यानं विचारलं.

मी पट्टी त्याच्यापुढे धरली. मोठा उसासा आला, आणि माझाच तळहात तोंडापुढे गेला.